मगनच्या ओळीतलं शून्य

मगन माझा चुलतभाऊ. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि बाकी सगळ्यात मोठा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं तुम्हाला फार नवल वाटणार नाही. शाळेत त्याचा पहिला नंबर, माझा कितवा ते मास्तरही सांगायचे नाहीत. त्याला धुळ्याला सरकारी नोकरी लागली, मी जळगावात भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. त्याची बायको गोरी, त्याची स्कूटर नवी, त्याच्या घराला गच्ची. हे सगळं मी गिळलं. गिळता आला नाही तो गहू.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट करतात आणि रोटाचं धान्य मापाने घेत नाहीत. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू, सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ परातीत टाकायची. ज्याचं बारसं झालं तो तान्हा पोरगासुद्धा मोजायचा. बायका-मुलींच्या नावाची मूठ नसते. कुणाचं नाव राहून गेलं तर त्याला वर्षभर बरं नसतं, असं आमच्यात मानतात.

धान्य घेताना मी दरवर्षी दारात उभा राहायचो. माझं नाव आलं की परातीत एकदा गहू पडायचे आणि माझं घर संपायचं. वडील गेलेले, मला दोन मुली. दुसरीच्या वेळीच आम्ही ऑपरेशन करून टाकलं. दोन पुरे, असं मीच म्हणालो होतो आणि लोकांसमोर अजूनही तेच म्हणतो. मगनच्या घराची पाळी आली की आधी त्याचे वडील झुलालनाना, मग मगन, मग हितेश, मग जितेश. चार वेळा गहू पडायचे. मी मनातल्या मनात मोजायचो. न मोजता उभं राहणं मला कधी जमलंच नाही.

पण दोन वर्षं माझीही चलती झाली. पंच्याण्णव साली सुरतेला असलेल्या एका घरातल्या नातवाचं नाव राहून गेलं, त्याला नेमकी कावीळ झाली आणि भाऊबंदकीत असं भांडण पेटलं की दोन घरं बोलेनाशी झाली. तेव्हा झुलालनानांनी ठरवलं की यादी पक्की करायची. मी म्हणालो, माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, मी करतो. घरोघर पत्रं पाठवून नावं मागवली, एक्सेलमध्ये भरली, डॉट मॅट्रिक्सवर छापून गावी नेली. म्हाताऱ्यांनी तो भोकाभोकांचा लांब कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. दोन वर्षं आमच्या भाऊबंदकीत कॉम्प्युटर म्हणजे पंडित, म्हणजे मी, असंच समीकरण होतं. जेवायला मला नानांच्या शेजारी पाट मांडत.

अठ्ठ्याण्णव साली मगनच्या कचेरीत कॉम्प्युटर आले. तीन महिन्यांत तो शिकला. मला शिकायला दीड वर्ष लागलं होतं. त्याने नानांना सांगितलं की धुळ्याकडच्या घरांची यादी मी करतो, जळगावकडची भाऊ करेल, आणि मी तिसरी एक फाइल करतो, तिच्यात दोन्हीकडची नावं आपोआप येऊन पडतील. नाना खूश. मला विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. आणि त्यातच आषाढात मगनला तिसरा मुलगा झाला. ऐकून माझ्या पोटात दुखायला लागलं. हे शब्दशः घ्या, मी दोन दिवस इसबगोल घेत होतो.

कानबाईच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मगन फ्लॉपी घेऊन माझ्या क्लासवर आला. तिन्ही फाइली माझ्या मशीनवर जोडायच्या, छापायच्या आणि गुरुवारी मी छापील यादी गावी न्यायची, असं ठरलेलं होतं. बारसं रविवारीच झालं होतं, त्यामुळे फ्लॉपीत जितेशच्या खाली एक ओळ रिकामी होती. तिथे नवं नाव टाकायचं होतं. नाव ठेवलं होतं कल्पेश. एकाला एक यमक जुळवत चालला होता, गडी थकत नव्हता.

आधी त्याने एकूण यादीची फाइल उघडली. ती खरंच झकास केली होती. दोन्ही याद्यांमधली एकेक ओळ तिच्यात जोडलेली, खाली बेरीज. मी तोंडाने ठीक आहे म्हणालो. मग त्याने धुळ्याची फाइल उघडली आणि रिकाम्या ओळीत गंमत म्हणून ‘चाचणी’ असा शब्द टाकला. मला म्हणाला, बघ आता. आम्ही एकूण यादीत पाहिलं. तिथे त्या ओळीत शून्य होतं ते शून्यच राहिलं.

रिकाम्या ओळीला जोडलं की एक्सेल शून्य दाखवतं, तेवढं त्याला माहीत होतं. पण शब्द टाकल्यावरही शून्य का, हे त्याला कळेना. त्याने पुन्हा टाइप केलं. एफ नाइन दाबलं. सूत्र तपासलं, फाइलच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, फ्लॉपी काढून फुंकर मारून परत घातली. वरच्या मेनूत विंडो दाबून पाहिलं, तिथे एकाच फाइलचं नाव, दुसरीचा पत्ताच नाही. खालच्या पट्टीवर मात्र तीन एक्सेल शेजारी शेजारी बसलेली. मशीन इतकं मंद झालं होतं की माऊस हलवला की बाण थोड्या वेळाने यायचा.

“धुयाले तं आपेआप येस,” मगन म्हणाला. “आठे का येत नही, भाऊ? तुनं मशीन काही बिघडेल शे का?”

मी म्हणालो, असेल बुवा, मशीनच ते. आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. कारण मशीनला काही झालेलं नव्हतं. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे जनरल, आणि तिथे एक बारीक चौकोन असतो, इतर प्रोग्रॅमकडे दुर्लक्ष करा अशा अर्थाचा. त्या चौकोनात मी स्वतः खूण करून ठेवली होती. माझ्या क्लासमध्ये एका मशीनवर दोन-दोन विद्यार्थी बसायचे. एकाने आपलं संपलं म्हणून एक्सेल बंद केलं की दुसऱ्याची फाइलही त्याच्याबरोबर जायची आणि मग रडारड. ती खूण केली की प्रत्येक फाइल आपल्या वेगळ्या एक्सेलमध्ये उघडते, कुणी कुणाचं काही बंद करू शकत नाही. फक्त मग एका खिडकीतलं दुसऱ्या खिडकीला आपोआप कळत नाही. फाइल सेव्ह करावी लागते आणि एकूण यादीला जोडण्या ताज्या कर असं वेगळं सांगावं लागतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ती खूण काढली असती तर तेवढंही नको.

मी सांगितलं नाही. मगनच्या कपाळावर घाम होता. आयुष्यात पहिल्यांदा मला येत होतं ते त्याला येत नव्हतं आणि माझ्या खुर्चीत बसून तो माझ्याकडे मान वर करून बघत होता. ते मला सोडवेना. मी बेबाला, म्हणजे माझ्या बायकोला, चहा टाकायला सांगितला. चहा पीत त्याच्या मागे उभा राहिलो आणि अधूनमधून हं, हं करत राहिलो.

तासाभराने त्याने वैतागून सगळ्या फाइली सेव्ह केल्या, बंद केल्या आणि नव्याने उघडल्या. उघडताना मशीनने विचारलं की जोडण्या ताज्या करू का, तो हो म्हणाला आणि एकूण यादीत ‘चाचणी’ आली. मगनचा जीव भांड्यात पडला. कुठेतरी अडकलं होतं, सुटलं, असं त्याला वाटलं. त्याने तो शब्द पुसला, सेव्ह केलं, पुन्हा सगळं बंद करून उघडलं, शून्य परत आलं. मग शेवटी धुळ्याच्या फाइलमध्ये, जितेशच्या खाली, एकेका बोटाने त्याने कल्पेश असं टाइप केलं आणि सेव्ह केलं.

आता त्याने फक्त एकूण यादीची खिडकी पुढे आणून बघायची होती. मी घड्याळाकडे पाहिलं.

“पावणेपाचनी गाडी चुकी जाई,” मी म्हणालो. “तू जाय. मी छापस.”

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, भाऊ तू होतास म्हणून बरं, असं काहीतरी म्हणाला आणि पिशवी उचलून स्टँडकडे रिक्षा बघायला धावला. त्याने बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर सोडून गेला. ती गोष्ट मला तेव्हाच टोचायला हवी होती.

मी एकूण यादी समोर घेतली. हितेश, जितेश, शून्य. बेरीज बासष्ट. त्रेसष्ट हवी होती.

बेबा प्रिंटरला कागद लावत होती. दहावी झालेली, क्लासमधलं छापण्याचं काम तीच बघायची. तिने वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “भाऊजींच्या बाळाचं नाव आलं नाही. शून्य दिसतंय.”

“येईल,” मी म्हणालो.

“छापायच्या आधी यायला हवं ना?”

“तू कागद लाव.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कागदाची भोकं प्रिंटरच्या दातांत बसवली आणि मी छापायची आज्ञा दिली. प्रिंटर करकरत एकेक ओळ बाहेर काढू लागला. मी काय विचार करत होतो ते सांगतो, लपवून उपयोग नाही. मी विचार करत होतो की पाच वेळा गहू पडण्याऐवजी चारच वेळा पडतील. एवढंच. बाळाचं काही वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. पण ते पाचव्यांदा पडणारे गहू मला ऐकायचे नव्हते. आणि कुणी विचारलंच तर मगनच्या फाइलकडे बोट दाखवता येईल, फाइल त्याची, फ्लॉपी त्याची, शहाणपण त्याचं.

गुरुवारी आम्ही मुलींना घेऊन गावी गेलो. आमचं गाव धरणगावहून थोडं आत आहे. एसटीत मी यादीची गुंडाळी मांडीवर धरून बसलो होतो आणि जसजसं गाव जवळ येत होतं तसतशी माझी मजा ओसरत होती. मला सुरतेच्या पोराची कावीळ आठवायला लागली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, क्लासमध्ये मुलांना मी तसं ठणकावून सांगतोही. पण बाळ जेमतेम महिन्याचं होतं. उद्या त्याला साधी सर्दी झाली तरी मी काय करणार होतो? खिशातून पेन काढून त्या शून्यावर नाव लिहावं असं दोनदा मनात आलं. बेबा शेजारीच होती. ती विचारेल, आता का लिहिता, मंगळवारी का नाही आणलं? म्हणून मी पेन काढलं नाही.

झुलालनानांच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. मगन आदल्या दिवशीच बायको-मुलांना घेऊन आला होता. त्याची बायको यशोदा बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेली. मी नको म्हणत असतानाही माझी नजर बाळाकडे गेली. टोपरं घातलेलं, झोपेत ओठ हलवणारं. चांगलं होतं पोरगं.

आत माझी थोरली काकू, झुलालनानांची वहिनी मंजुळाआक्का, पाटावर बसली होती. पुढे परात, एका बाजूला गव्हाचं सूप, दुसऱ्या बाजूला डाळीचं. मूठ तिच्या हाताची आणि वाचन बेबाचं, असं दोन वर्षांपासून चालत आलेलं. आम्ही पुरुष दारात उभे राहिलो. नानांनी मला विचारलं, “बठ्ठा नावं उनात ना रे?”

सगळी आली, अशी मी मान डोलावली. मगन माझ्या शेजारी उभा राहून हसत होता.

बेबा वाचू लागली. जळगावकडची घरं आधी. नाव, मग गहू, मग डाळ. असं करत ती माझ्या घराशी आली आणि थांबली. आमच्याकडे चारचौघांत बायको नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून दरवर्षी तिथे आक्काच माझं नाव म्हणते. आक्का म्हणाली, “पंडित,” आणि सव्वा मूठ गहू टाकले, सव्वा मूठ डाळ टाकली. आता पुढचं घर यायचं.

बेबा पुढचं घर वाचत नव्हती. ती कागदाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे.

“शून्य,” ती म्हणाली.

क्षणभर मला काही समजलंच नाही. मग समजलं. शहाण्णव साली मी पहिल्यांदा यादी केली तेव्हा माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली होती. का सोडली ते मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती आणि ऑपरेशनलाही चार वर्षं झाली होती. दरवर्षी छापताना तिथे नुसतीच कोरी जागा असायची, ती कुणाला दिसत नव्हती. आता मगनच्या फाइलने एकेक ओळ जोडून घेतली होती आणि कोऱ्या जागेचं शून्य केलं होतं. मंगळवारी मी ती यादी पडद्यावर पाहिली, छापली, गुंडाळली. मला फक्त मगनच्या ओळीतलं शून्य दिसलं होतं.

“शून्य म्हंजे कोन शे वं?” आक्काने विचारलं. तिचा हात गव्हाच्या सुपावर थांबलेला. “पंडितना खाले कोन शे? मूठ टाकू का नही?”

बायका बेबाकडे बघू लागल्या. एकीने दुसरीकडे बघून भुवई उचलली. माझ्या बायकोला काही आहे का, असा तो प्रश्न होता. बेबाची मान खाली गेली नाही.

“माले काय ठाऊक आक्का,” ती म्हणाली. “यास्ले इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं म्हणालो की ती मशीनची चूक आहे. आणि माझ्या शेजारून मगन लगेच पुढे सरसावला.

“हां आक्का, भाऊनं मशीन बिघडेल शे,” तो म्हणाला. “मीच दखं मंगळवारले. तठे शून्यच येस. तुम्ही पुढं वाचा, वहिनी.”

तो मला सांभाळून घेत होता. त्याला खरंच तसं वाटत होतं. माझा मला इतका राग आला की दाराची चौकट मी घट्ट धरून ठेवली. आणि बेबा पुढे वाचत होती आणि मला माहीत होतं की आता काय येणार आहे. धुळ्याकडची घरं सुरू झाली. एक घर, दोन घरं. आता मगनच्या घरातही शून्य येईल. यशोदा विचारेल, माझ्या बाळाचं नाव कुठे आहे. मगन म्हणेल, मी स्वतः टाइप केलं होतं, सेव्ह केलं होतं. मग त्याला आठवेल, छापलं कुणी.

“झुलाल,” आक्का म्हणाली. गहू पडले.

“मगन,” बेबाने वाचलं. गहू पडले.

“हितेश.”

“जितेश.”

मी डोळे मिटले.

“कल्पेश,” बेबा म्हणाली. तिचा आवाज जराही अडखळला नाही. कागदावरून बोट पुढे सरकलं, जणू तिथे नाव छापलेलंच होतं. पाचव्यांदा गहू पडले. यशोदा हसली आणि बाळाच्या गालाला तिने बोट लावलं. मगनने माझ्या पाठीवर थाप मारली, तीच मंगळवारची.

यादी संपली. परात झाकली. बायका उठल्या. बेबा परसात मोरीवर हात धुवायला आली तेव्हा मी तिच्या मागोमाग गेलो आणि बादलीतलं उरलेलं पाणी तांब्यात घेऊन तिच्या हातावर घालू लागलो. तिने नको म्हटलं नाही. हाताला गव्हाचं पीठ नव्हतं, काहीच नव्हतं, तरी ती एकावर एक हात चोळत राहिली.

मी म्हणालो की ते नाव तू वाचलंस, बरं केलंस. मग मला राहवलं नाही. मी विचारलं की जर तिकडचं शून्य तुला झाकता आलं, तर आपलं का वाचलंस? सगळ्यांसमोर? तिथे गप्प राहून पुढे गेली असतीस तर कुणाला काय कळलं असतं?

तिने हात झटकले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“त्यांच्या ओळीत नाव होतं. तुम्ही येऊ दिलं नाही, म्हणून मी वाचलं,” ती म्हणाली. “आपल्या ओळीत नाव नव्हतंच. पहिली यादी केलीत तेव्हा चार वर्षांची होती आपली धाकटी. ऑपरेशन तुम्ही सांगितलं म्हणून केलं होतं मी. मग ती जागा कुणासाठी ठेवली होती?”

आतून आमची धाकटी ओरडत आली की आई, पाणी. बेबाने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि तिला प्यायला दिला. मी रिकामी बादली घेऊन विहिरीकडे गेलो.